अंगठा सुजलाय, पण…
भाचीच्या हट्टापायी आज इंदूरच्या मॉलमध्ये बोलिंगला गेले, म्हणजे जड बॉल घरंगळवत सोडून पिना पाडायचा खेळ. भाड्याचे बूट एक नंबर मोठे, बॉलच्या भोकात अंगठा अडकलेला. पहिले तीन बॉल सरळ कडेच्या गटरमध्ये, एकही पिन पडली नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "आंटी, हल्का वाला लो." घेतला बाई!

घरी येऊन अंगठा शेकत अमेरिकन बोलिंगपटू केली कुलिकबद्दल वाचत बसले. अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक टूर, म्हणजे बोलिंगची स्पर्धामालिका, 2003 मध्ये बंद पडली. वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करणारी ही बाई 2010 मध्ये लास व्हेगासला पुरुषांबरोबर खेळली आणि टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या फायनलला ख्रिस बार्न्सला 265-195 असं हरवलं. पीबीए टूरचं (पुरुष खेळत ती व्यावसायिक स्पर्धामालिका) विजेतेपद मिळवणारी पहिली बाई. सत्तर पिनांचा फरक हो!

माझा अख्ख्या गेमचा स्कोअर 41. भाची म्हणते, रविवारी परत जाऊ.