टायगर अँड बनी: पाच भाग बघून झाले

या महिन्यात हातात घेतलीय 'टायगर अँड बनी'. २०११ ची जपानी ॲनिमे (चित्रपट्टी) मालिका, सनराइज स्टुडिओची, २५ भाग. मूळ जपानी आवाज, खाली सबटायटल्स, रात्रीच्या जेवणानंतर एक भाग. काल पाचवा झाला. सुपरहिरो म्हटल्यावर शाळकरी मुलं, सराव, स्पर्धा असं काहीतरी असेल, असं मी धरून चालले होते. निघाली ती नोकरी करणाऱ्या माणसांची गोष्ट.

स्टर्नबिल्ड नावाचं तीन थरांचं शहर. इथल्या हिरोंना पगार देणाऱ्या कंपन्या आहेत, पोशाखावर जाहिराती आहेत, आणि चोर पकडण्याचं थेट प्रक्षेपण 'हिरो टीव्ही'वर चालतं. कोणी किती गुन्हेगार पकडले, किती जीव वाचवले, याचे गुण मोजले जातात. जाहिराती खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या आहेत! ब्लू रोझ या हिरोच्या अंगावर पेप्सी, रॉक बायसन या दुसऱ्या हिरोच्या खांद्यावर ग्यूकाकू ही मांस भाजून खायला देणारी रेस्टॉरंटं. मालिकेचा खर्च आणि मालिकेची कल्पना एकाच धाग्यात ओवलीय, हे मला फार आवडलं.

नायक कोतेत्सु काबुरागी, म्हणजे वाइल्ड टायगर. तिशी उलटलेला, बायको वारलेली, मुलगी आजीकडे वाढतेय. त्याची शक्ती अंगातलं बळ शंभरपट करते, पण पाचच मिनिटं. मग तासभर काही नाही. या पाच मिनिटांत तो माणसं वाचवतो आणि आजूबाजूचं बरंच काही मोडतो. भरपाई कंपनीच्या माथी. पहिल्याच भागात त्याची जुनी कंपनी बुडते आणि नव्या मालकाकडे त्याला जोडीदार मिळतो: तरुण, देखणा, नाव आणि चेहरा न लपवणारा बार्नबी ब्रूक्स ज्युनियर. शक्ती अगदी तीच.

आता माझ्या जपानीच्या वहीतली खरी नोंद. बार्नबी कोतेत्सुला 'ओजिसान' म्हणतो, म्हणजे काका. आणि बोलतो मात्र पूर्ण आदरार्थी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'देस' आणि 'मास' ही आदराची रूपं. सबटायटलमध्ये हे पार हरवतं. मराठी कानाला ते लगेच कळतं: "अहो काका, तुम्ही जरा बाजूला व्हा." यात 'अहो' जितका नीट, तितका अपमान खोल. उलट कोतेत्सु त्याला 'बनी-चान' म्हणतो, लाडाचं, लहान मुलाला म्हणावं तसं. त्यावर बार्नबीचं ठरलेलं उत्तर, मी बनी नाही, बार्नबी आहे. दोघांचं सगळं भांडण या दोन हाकांमध्ये आहे. जपानी शिकणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी मूळ आवाजातच बघा. कोतेत्सुला आवाज हिरोआकी हिराता यांचा ('वन पीस'मधला सांजी), बार्नबीला मासाकाझु मोरिता यांचा ('ब्लीच'मधला इचिगो).

नवा शब्द मिळाला: 'मिकिरेरु', चौकटीच्या कडेला चुकून दिसणं. ओरिगामी सायक्लोन हा हिरो हेच मुद्दाम करतो. लढत नाही, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात उभा राहून प्रायोजकाचं नाव दाखवतो.

चित्रांबद्दल थोडं. पात्रांची मूळ रेखाटनं मासाकाझु कात्सुरा यांची, आणि चेहरे सुरेख आहेत. चिलखतं मात्र संगणकावरची थ्रीडी. हेल्मेट बंद असलं की हालचाल जराशी वेगळ्या जगातली वाटते. तिसऱ्या भागापासून डोळ्यांना सवय झाली. युनिसन स्क्वेअर गार्डन या बँडचं सुरुवातीचं गाणं मी एकदाही पुढे ढकललेलं नाही.

चौथा भाग ब्लू रोझचा: गायिका व्हायचंय म्हणून हिरो झालेली शाळकरी मुलगी. पाचव्यात बार्नबीच्या वाढदिवसाला खोट्या गुन्ह्याचं नाटक रचतात आणि खरे चोर येतात. हलकाफुलका भाग, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कोतेत्सुचं मुलीशी फोनवरचं बोलणं. बाप हिरो आहे हे तिला ठाऊकच नाही, आणि ती चाहती आहे ती बार्नबीची. तो फोन ठेवतो तेव्हा चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी तो प्रसंग दोनदा बघितला.

बार्नबी 'काका' सोडून त्याला नावानं हाक कधी मारतो, ते टिपायला वहीत एक ओळ मोकळी सोडलीय. आज सहावा.