अँटीबॉडी म्हळ्यार अँटीबॉडी

बाबांचा कोरोना तसा सांगण्यासारखा नव्हता. मे 2021. गोवाभर कर्फ्यू, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलचं नाव निघालं तरी घरात सगळे गप्प व्हायचे, आणि आमच्या वरच्या खोलीत बाबा पेज आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) खात बसलेले. चार दिवस ताप, ऑक्सिजन 96 च्या खाली कधी आला नाही. एप्रिलमध्ये 'टीका उत्सव' या लसीकरण मोहिमेत कोविशील्डचा पहिला डोस घेतला होता, त्याचं श्रेय आई अजून देवाला देते.

दुसऱ्या डोसला बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, असा नियम तेव्हा आला होता. ते तीन महिने ऑगस्टमध्ये भरत आले आणि बाबांनी वाद काढला. "मला रोग होऊन गेला. अंगात अँटीबॉडी भरपूर असतील. मग पुन्हा सुई कशाला?" कदंब बसमध्ये तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस, कागद दाखवल्याशिवाय ऐकणार नाही. म्हटलं, चला, टेस्ट करू. ही माझी चूक. लशीआधी अँटीबॉडी तपासायची काहीच गरज नव्हती.

फोंड्यातल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. उपाशीपोटी जावं लागत नाही, पण हे कोणी सांगितलं नाही आणि बाबा सकाळी दहापर्यंत चहाविना माझ्यावर चिडत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. आकडा 0.62, आणि पुढे जाड अक्षरांत: नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे अँटीबॉडी सापडल्या नाहीत.

बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मला झालाच नव्हता? की झाला आणि अंगात काही उरलंच नाही?" चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्याभरावर आलेली. त्यांनी जाहीर केलं की यंदा माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान आणायला बाजारात जाणार नाही. पोदेराकडून पाव घेतानाही दोन मास्क.

त्या कागदाकडे मी पन्नासदा पाहिलं असेल. एकावन्नाव्यांदा तळाशी बारीक अक्षरांत दिसलं: पान 1/2. दुसरं पान आम्हाला आलंच नव्हतं.

लॅबमध्ये फोन केला. कोणी उचलला नाही. स्वतः गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "दुसऱ्या पानार कांय नासता सर, नुसत्यो टिपो." म्हटलं, टिपाच द्या. तर म्हणे प्रिंट मुख्य शाखेतून निघते, ईमेल येईल. मी विचारलं, ही टेस्ट कुठली अँटीबॉडी बघते? तिने पहिल्यांदा मान वर केली. "अँटीबॉडी म्हळ्यार अँटीबॉडी!"

ईमेल आला नाही. चार दिवसांनी पुन्हा गेलो. त्या दिवशी वेगळा मुलगा. त्याने तेच पहिलं पान नव्याने छापून, शिक्का मारून दिलं. मी तळाच्या 1/2 वर बोट ठेवलं, तर म्हणाला, "तो सिस्टिमचा फॉरमॅट." मग मला एक 'पॅकेज' समजावू लागला: अँटीबॉडी, व्हिटॅमिन डी आणि साखर एकत्र. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी पाऊण तास बसून राहिलो, नुसता हट्टाने. मागे टीव्हीवर कोणीतरी काढा उकळत होतं. शेवटी आतून एक वयस्क टेक्निशियन चहाला बाहेर पडले, त्यांना कागद दाखवला. ते आत गेले आणि दोन मिनिटांत दुसरं पान हातात. अकरा दिवस, दोन खेपा, आणि काम दोन मिनिटांचं.

त्या 'नुसत्या टिपां'त दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी.

कागद घेऊन आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या हसल्याच. विषाणूच्या बाहेरचे काटे म्हणजे स्पाइक, एस. आत त्याच्या आरएनएला, म्हणजे जनुकीय साहित्याला, गुंडाळलेलं प्रथिन ते एन. कोविशील्ड शरीराला फक्त एस ओळखायला शिकवते, त्यामुळे एनची टेस्ट तिला बघूच शकत नाही. (कोवॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू असतो, तिथे एनही सापडू शकतं.) राहिला प्रत्यक्ष आजार. तो लशीनंतर झाला आणि सौम्य असला तर एनच्या अँटीबॉडी कधीकधी कमीच बनतात, आणि काही महिन्यांत त्या खाली येऊ लागतात. रक्तातला आकडा उतरला तरी विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीपेशी राहतात. त्या या टेस्टमध्ये दिसतच नाहीत. बाबांकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, बस निघून गेली म्हणून डेपो बंद झाला असं होतं का?" बाबांना हे एवढं पटलं की परतताना तीनदा म्हणून दाखवलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला आता लॅबला हरवायचं होतं. म्हणून दुसऱ्या ठिकाणी स्पाइकची टेस्ट केली, रक्त काढण्याआधी "एस की एन?" विचारून. हा प्रश्न तुम्हीही विचारा, आणि पैसे भरायच्या आधी विचारा. पीडीएफची पानंही मोजा. आणखी एक, आजारातून उठल्याउठल्या धावू नका. आयजीजी (जास्त काळ टिकणाऱ्या प्रकारच्या) अँटीबॉडी नीट दिसायला लक्षणं सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवडे जातात. माझ्या चुलतभावाने नवव्या दिवशी टेस्ट करून उगाच जीवाला घोर लावून घेतला होता.

निकाल आला: 250 पेक्षा जास्त. त्या मशीनची मोजपट्टीच तिथे संपते. मी तो कागद एखाद्या पदवीसारखा घरी आणला. डॉक्टरबाईंनी मात्र आधीच बजावलं होतं की अमुक आकड्याच्या वर गेलं की माणूस सुरक्षित, अशी रेघ कोणी ठरवलेली नाही, तेव्हा दुसरा डोस घ्यायचाच. घेतला. बाबा त्या दिवशी ठेवणीतला शर्ट घालून आले.

चवथीला ते बाजारात गेले, माटोळीसाठी. तो दुसरा रिपोर्ट खिशात होता आणि नारळवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला. आणि अजूनही जेवताना मध्येच विचारतात, "250 पेक्षा जास्त म्हणजे नेमके किती रे? लॅबात जाऊन विचारून तरी ये."