24 टक्के

त्या संध्याकाळी स्क्रीनवर बॅटरीत 24 टक्के शिल्लक दिसत होते. आमचं बॅटरी केंद्र 40 मेगावॅटचं, साठवण 80 मेगावॅट-तास. म्हणजे पूर्ण जोर लावला तरी 28 मिनिटं पुरायला हवं होतं. नवव्या मिनिटाला पहिली रॅक, म्हणजे सेलची मांडणी, बंद पडली.

लोकांना वाटतं, दिवसाचं ऊन साठवून रात्री वाटायचं, एवढंच आमचं काम. ते आहेच, पण खरी कसोटी फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ग्रिडमधल्या (वीजजाळ्यातल्या) विजेच्या लयीची. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती घसरते. औष्णिक केंद्रातलं शेकडो टनांचं फिरतं यंत्र आपल्या वेगातली ऊर्जा देऊन पहिला धक्का सोसतं. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. म्हणून सौर विजेचा वाटा वाढला की काटा 50 हर्ट्झवरून जास्त झपाट्याने घसरतो आणि आम्हाला सेकंदाच्या आत धावावं लागतं.

त्या दिवशी सूर्य कलला होता, सौर निर्मिती उतरत होती आणि त्यातच एक मोठा औष्णिक संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. काटा 49.61 पर्यंत आला. अलार्म वाजेपर्यंत आमच्या इन्व्हर्टरनी (बॅटरीची डीसी वीज एसी करून देणारी यंत्रं) 40 मेगावॅट ग्रिडमध्ये ओतले होते, कोणी बटणाला हातही लावला नव्हता. ते दृश्य कितीदाही पाहिलं तरी ऊर भरून येतो.

ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर 2017 मध्ये व्हिक्टोरियातला 560 मेगावॅटचा संच पडला आणि शेजारच्या राज्यातली ही बॅटरी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धावली. पण आपण सगळे त्या पहिल्या सेकंदाबद्दलच बोलतो. दहाव्या मिनिटाबद्दल कोणी विचारत नाही.

आमचे सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे. टिकाऊ, तुलनेने सुरक्षित, पण पोटात किती उरलंय याचा पत्ता लागू देत नाहीत. 30 टक्के भरलेला असो की 80, सेलचं व्होल्टेज 3.2 ते 3.3 च्या घरातच. त्यामुळे टक्केवारी हिशेबाने काढावी लागते: करंट किती आत गेला, किती बाहेर आला. सेन्सरची बारीकशी चूक त्यात रोज साचत जाते. ती पुसायची तर कंटेनर, म्हणजे रॅक ठेवलेली पेटी, एकदा काठोकाठ भरायला हवा, आणि तेवढा वेळ तो सेवेत नसतो. मी तीनदा परवानगी मागितली. केंद्र किती वेळ सेवेत होतं तो उपलब्धतेचा मासिक आकडा खाली येईल म्हणून तिन्ही वेळा ‘पुढच्या महिन्यात बघू’. त्या आकड्यासाठी आम्ही खऱ्या आकड्यावर पाणी सोडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅकमध्ये शेकडो सेल एकापाठोपाठ जोडलेले. सगळ्यात अशक्त सेल रिकामा झाला की अख्खी रॅक थांबते. किमान व्होल्टेजच्या रकान्यात मी पाहत होतो: 3.08, 2.97, 2.86. आमची मर्यादा 2.8. दोन रॅक गेल्या, त्यांचा भार उरलेल्यांवर आला, त्यांचंही व्होल्टेज खचू लागलं. मी ग्रिडला द्यायच्या विजेची मर्यादा 40 वरून 22 मेगावॅटवर आणली. करंट कमी होताच व्होल्टेज सावरलं, 3.02 वर येऊन थांबलं. पण एव्हाना 49.74 पर्यंत चढलेला काटा पुन्हा 49.66 वर उतरला.

ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्रातून फोन आला. “कमी का केलंत? इथे अजून 16 टक्के दिसतायत.”

“ते 16 खरे नाहीत साहेब.”

पलीकडे क्षणभर शांतता. चार मिनिटांनी जलविद्युत संच चढले. कुठेही दिवे गेले नाहीत.

ग्रिडला गरज असताना 18 मेगावॅट मी स्वतःच्या हाताने काढून घेतले. माझा सहकारी म्हणतो, नाहीतर मिनिटभरात सगळंच शून्यावर गेलं असतं. मला तेवढी खात्री नाही. कदाचित त्या रॅक आणखी चार मिनिटं तगल्या असत्या. कदाचित तिसऱ्या मिनिटालाच मी त्या रकान्याकडे बघायला हवं होतं. अहवालात मात्र ‘प्रतिसाद समाधानकारक’ एवढीच नोंद झाली, आणि त्या नोंदीने मला जास्त त्रास दिला.

गेल्या आठवड्यात अखेर दोन कंटेनर काठोकाठ भरायची परवानगी मिळाली. पहिल्याचा आकडा 100 वर पोहोचला, तरी सेल करंट घेतच राहिले. मी घड्याळ लावून बसलो. 36 मिनिटं. उरलेल्या कंटेनरच्या तारखा अजून ठरलेल्या नाहीत.