उजव्या टॉवरची झणझण गेली, डुलणं उरलंय

गेली एकदाची! मागच्या अपडेटखाली माझ्या उजव्या टॉवरच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरच्या, ज्या ५८ हर्ट्झच्या झणझणीवर तुम्ही सगळ्यांनी आपापली औषधं सुचवली होती, ती बंद झालीय. आरईडब्ल्यू या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमधून साइन टोन (एकाच वारंवारतेचा सूर) सोडा, नाहीतर तबला सोलोत डग्गा हवा तेवढा घुमू द्या, उजवा टॉवर गप्प.

चोर कॅबिनेटमध्ये नव्हताच. त्या बाजूची दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल ठोकली की बद्द वाजते. खाली माल नीट भरलेला नाही, बिल्डरची कृपा. वर स्पीकरखाली स्पाइक (धातूचे टोकदार पाय), म्हणजे सगळं वजन आणि सगळी थरथर चार टोकांतून थेट पोकळीवर. टाइलचाच डग्गा झाला होता. डाव्या टॉवरखालची फरशी भरीव, म्हणून तिकडे तेच स्पाइक सुखात उभे आहेत. तेव्हा 'स्पाइक चांगले की रबर' या वादात पडण्याआधी फरशी ठोकून बघा, हे माझं ठाम मत.

सॉर्बोथेनबद्दल (थरथर शोषणारं मऊ रबरासारखं मटेरियल) थोडक्यात. वजनाच्या हिशेबाने ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा) निवडून पॅड साधारण १० ते २० टक्के दबला तरच तो काम करतो. माझ्या विक्रेत्याने पाठवलेल्या पॅडवर शोअरचा (त्याच कडकपणाच्या मापाचा) आकडाच नव्हता, विचारलं तर 'सर, ऑडिओ ग्रेड आहे' एवढंच उत्तर. शिवाय व्हिनीअरवर तेलकट डाग उठतो तो वेगळा. बाद.

मग स्पाइकच्या जागी स्प्रिंगा. गणित सोपं आहे: स्प्रिंग वजनाखाली किती मिलिमीटर दबली त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा, नैसर्गिक वारंवारता मिळते. ८ मिमी दबली तर साडेपाच हर्ट्झ. म्हणजे ५८ हर्ट्झ कितीतरी वर, कागदावर तरी जेमतेम एक टक्का थरथर खाली पोचायला हवी. १.७ मिमी तारेच्या स्प्रिंगा भोसरीत वळून घेतल्या, लेथवर नायलॉनच्या वाट्या कातून घेतल्या, वर एम८चा स्टड (८ मिमीचा आट्यांचा दांडा). झणझण पहिल्याच संध्याकाळी गेली, पण टॉवर नमस्काराला वाकल्यासारखा पुढे झुकला.

बराच वेळ यानेच खाल्ला. लेव्हल करायला मागचे स्टड आत घेतले की टॉवर दिसायला सरळ, पण पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या दबलेल्या त्या तशाच. शेवटी बाथरूमचा वजनकाटा पुढच्या पायांखाली, तेवढ्याच जाडीचं प्लाय मागे, मग उलट. एकूण २४ किलो, त्यातले १४.६ पुढे आणि ९.४ मागे! ड्रायव्हरचे (आवाज काढणाऱ्या युनिटचे) मॅग्नेट सगळे पुढच्या बॅफलवर (फळीवर), मागे नुसती हवा. पुढची स्प्रिंग ९.७ मिमी दबत होती, मागची सव्वासहा. तयार फूटर (थरथर अडवणारे पाय) घेणाऱ्यांनीही हे वजन करून बघावं. आयसोअकूस्टिक्स कंपनीच्या गाया ३ फूटरवर ३२ किलो, गाया २ वर ५४ किलो ही मर्यादा अख्ख्या स्पीकरची असते, पुढच्या-मागच्या पायांची वाटणी बॉक्सवर लिहिलेली नसते.

उपाय तारेत सापडला. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे पुढे १.८ आणि मागे १.६ मिमी, बाकी वेटोळी आणि व्यास तोच. आता पुढे ७.७, मागे ८. टॉवर सरळ उभा! स्प्रिंगांची स्वतःची किणकिण मारायला आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खुपसलाय.

फोन टाइलवर ठेवून फायफॉक्समध्ये (फोनच्या सेन्सरने मोजणारं अॅप) पाहिलं तर थरथर स्पाइकच्या तुलनेत साधारण चौथ्या हिश्श्यावर आलीय. एक टक्क्यावर का नाही? कारण उरलेली हवेतून येते. वूफरचा दाब फरशीला वरून हलवतोच, तिथे कुठलाही पाय उपयोगाचा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी फूटर शोधणाऱ्यांनी पैसे वाचवावेत, आवाज कमी करावा.

'स्प्रिंगवर बेस (खालचे सूर) ढिला होतो' म्हणणाऱ्यांसाठी: कोनचं, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याचं, वजन २० ग्रॅम धरा, बॉक्स २४ किलो. कोन ५ मिमी हलला तर बॉक्स उलट दिशेला सुमारे ४ मायक्रॉन हलेल. हे कानाला कळतं असं मला वाटत नाही.

खरा त्रास झाडू-पोछ्याच्या वेळी. धक्का लागला की टॉवर बराच वेळ डुलतो. त्यासाठी टॉवरखाली कडप्प्याचा प्लिंथ (बैठक) ठरला होता, ३५ बाय ४५ सेंमी, २० मिमी जाड. पण हे लिहिता लिहिता वजन काढलं तर साडेआठ किलो भरतंय. म्हणजे मागची स्प्रिंग साडेतीन मिमी आणखी दबणार, पुढची सव्वादोन, आणि टॉवर आता मागे कलणार. कडप्पा रद्द.

त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या पट्टीचे आउटरिगर (पाय बाहेरच्या बाजूला पसरवणारे हात). पायांमधलं आडवं अंतर १८ सेंमीवरून ३० केलं की डुलण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गात वाढतो, जवळजवळ पावणेतीनपट, आणि पुढे-मागे वजनाची वाटणी तशीच राहते. १० मिमी जाड पट्टी पुरेल की १२ घ्यावी, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. पट्टी येईपर्यंत टाइलच्या सांध्यातून बारीक भोक पाडून पातळ इपॉक्सी सोडायचं ठरवतोय. तेवढं जमलं तर उजवीकडेही स्पाइक लावून पुन्हा मोजेन.