फोमच्या मागे घाम : जानेवारीची नोंद

बोटीच्या केबिनच्या छताला, म्हणजे डेकला आतून दहा मिलिमीटरचा नायट्रील फोम (उष्णता अडवणारा रबरी फोम) लावला आणि डेकचा घाम थांबला, असं मागच्या नोंदीत ठणकावून लिहिलं होतं. ते वाक्य मागे. या आठवड्यात पहाटे पाचच्या सुमाराला व्ही-बर्थच्या (बोटीच्या निमुळत्या पुढच्या टोकातल्या झोपायच्या ओट्याच्या) पायथ्याशी टपटप पुन्हा सुरू झाली, आणि गादीचा तोच कोपरा चिंब.

पहिला संशय अर्थातच गळतीवर. डेकवरच्या हँडरेलच्या (हाताने धरायच्या दांडीच्या) बोल्टखाली दहा-दहा सेंटिमीटरचे किचन फॉइलचे चौकोन लावले, चारही कडा टेपने बंद. सकाळी फॉइलची डेककडची बाजू कोरडी आणि केबिनकडची ओली. म्हणजे पाणी वरून आलेलं नाही, केबिनच्याच हवेतलं आहे. उलट झालं असतं तर बोल्ट काढून पुन्हा बेडिंग (खाली सीलंटचा थर) करावं लागलं असतं. खात्रीसाठी वरून दोन बादल्या पाणीही ओतलं, खाली थेंब नाही. (चव घेऊन ठरवू नका. डेकवरचं दहिवर आत झिरपलं तरी ते गोडंच लागतं.)

मग फोमचा कोपरा नखाने ओढून पाहिला. अख्खी पट्टी केळ्याच्या सालीसारखी सुटून हातात आली. मागची बाजू ओली, बुरशीचे काळे ठिपके, आणि सुकलेल्या गोंदावर पांढुरकी साय.

ती साय हेच सगळ्याचं मूळ. ही पट्टी संध्याकाळी सहानंतर चिकटवली होती. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हमधलं सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर थंड पडतो, आणि हवा दमट असली की त्या थरावर बाष्प जमतं. हाताला गोंद चिकट लागतो, पण दोन थरांच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा असतो. सकाळी अकराला लावलेल्या पट्ट्या मात्र अजून ओढूनही निघत नाहीत. घाम थांबवायला लावलेला फोम घामानेच सोडवला.

पट्टी सुटली की अवस्था फोम नसल्यापेक्षा वाईट होते. फोममुळे केबिनची ऊब डेकपर्यंत पोचत नाही, म्हणून मागचा डेकचा फायबर आणखी थंड पडतो. उघड्या कडेतून दमट हवा आत शिरते, तिथे पाणी होतं आणि उतारावरून घरंगळत खालच्या कडेला टपकतं. थेंब पडतो तिथे दोष नसतोच, तो असतो हातभर वर.

आकडे असे. कुलाब्याकडे या दिवसांत रात्री हवा १९ अंशांच्या आसपास जाते. आकाश निरभ्र असलं की डेक त्या हवेपेक्षाही तीनेक अंश थंड होतो. केबिनमध्ये २३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) १९.४ येतो. डेक बाहेरून १६ अंश असेल तर सहा मिलिमीटरच्या उघड्या फायबरची आतली बाजू साडेसतराच्या आसपास राहते, म्हणजे घाम नक्की. दहा मिलिमीटरच्या फोमवर आतली बाजू २१ च्या थोडी वर येते. थोडक्यात, ८० टक्क्यांना फोम आरामात पुरतो, पण ९० टक्क्यांना दवबिंदूच २१.३ होतो आणि हिशेब काठावर येतो. फोम हे अर्धंच औषध. उरलेलं अर्धं म्हणजे हवेतलं पाणी कमी करणं.

पुन्हा चिकटवताना ही पद्धत ठेवली : फायबर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडला, बुरशी पुसली, खारटपणा जावा म्हणून गोड्या पाण्याने दोनदा पुसून दिवसभर वाळवला. दुसऱ्या दिवशी दहा ते एकच्या आत, हॅच (डेकमधल्या झडपा) उघडे ठेवून, दोन्ही बाजूंना सलग पातळ थर. ठिपके ठिपके लावायचे नाहीत, मध्ये उरलेली प्रत्येक पोकळी म्हणजे एक छोटी पाण्याची टाकी. बोटाला लागेनासा झाला की मधून कडेकडे रोलर. सगळ्या कडा पॉलियुरेथेन सीलंटने बंद. सिलिकॉन नको, त्यावर नंतर रंग धरत नाही. फोम एसीच्या डक्टवाल्यांकडचा क्लास ओचाच (आग सहज न पसरवणारा) घ्यावा. ‘मरीन’ शब्द छापला की त्याच फोमचा भाव का वाढतो हे कोडंच आहे. आणि चांदीसारखा चमकणारा बबल शीट थेट डेकला चिकटवून काही होत नाही. चकाकीचा उपयोग तिच्यापुढे हवेची फट असेल तरच.

बोल्टचं दुखणं वेगळं. स्टेनलेस तुलनेने कमी उष्णता वाहून नेतं, तरी फोमच्या कित्येक पट नेतंच. आठही नटांवर ब्यूटिल टेपची (चिकट, मऊ रबरी टेप) गोळी दाबून वर २० मिलिमीटर फोमची टोपी बसवली. तीन रात्री कोरड्या. हा छोटासा विजय दोनदा वाचावा अशी विनंती.

हॅचची ॲल्युमिनियम चौकट मात्र अजून रडतेय. तिचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने थेट मोजू नका, चकचकीत धातूवर तो खोटं बोलतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. तसा धरला तेव्हा चौकट १६.५ निघाली. बेत होता तीन मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा आतला पडदा, चुंबकपट्टीवर, मध्ये १२ मिलिमीटर फट. दारूखान्याच्या जहाजभंगार बाजारातून चौकट आणायची यादीही झाली होती.

पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं : डेक थंड होतो तो आकाशाकडे उष्णता फेकून. मग आकाशच झाकलं तर? पावसाळ्यात बाहेर निघणारी ताडपत्री बूमवरून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून), डेकपासून २५-३० सेंटिमीटर वर, दोन्ही बाजूंना मोकळी ठेवून ताणली. सकाळी ताडपत्रीवर दहिवर डबडबलेलं, खालचा डेक कोरडा, चौकट १८.९. पडद्याचं काम लांबणीवर. फोमच्या आधी हे करायला हवं होतं. एकच पथ्य : ताडपत्री डेकला टेकली की सगळं फुकट.

आता पाणी येतं कुठून. थंड देशांतले सल्ले वाचून बरेच जण बोटीच्या पाण्याखालच्या अंगाला (हल) फोम लावायला निघतात. मुंबईच्या बंदरात जानेवारीत उलटं चित्र असतं. समुद्र रात्रीच्या हवेपेक्षा गरम असतो, म्हणून बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खोलगट भागात) उरलेलं पाणी रात्रभर मंद आचेवर ठेवल्यासारखं वाफाळतं आणि वरच्या थंड डेकवर जमतं. पंप हवा ओढायला लागल्यावरही तळाशी लिटर-दीड लिटर उरतंच, ते स्पंजनेच टिपायचं. नंतर गोड्या पाण्याचा हात फिरवायचा, कारण मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं. गादीची खोळ ‘कधी वाळतच नाही’ त्याचंही कारण हेच. ऊन दाखवण्याआधी ती गोड्या पाण्यातून काढा. बाकीचं पाणी माणसाचं आणि स्टोव्हचं : झोपलेला एक माणूस रात्रीत साधारण ३०० ग्रॅम सोडतो, आणि १०० ग्रॅम एलपीजी जळला की त्यातून १६० ग्रॅमच्या आसपास बाष्प निघतं. भाताचं पातेलं झाकून ठेवा.

हॅच उघडायची वेळ आर्द्रतेच्या टक्क्यांवरून नाही, दवबिंदूवरून ठरवावी. सकाळी मतलई वारा (जमिनीकडून येणारा) असेपर्यंत बाहेर २८ अंश, ४० टक्के असं काही दिसलं की दवबिंदू १३. तेव्हा सगळं सताड उघडा, लॉकरची झाकणंसुद्धा. दुपारी खारा वारा (समुद्राकडून येणारा) फिरला की बंद. (पावसाळ्यात २८ अंश आणि ८८ टक्क्यांना दवबिंदू पावणेसव्वीसच्या आसपास असतो, तेव्हा वाऱ्याने काहीच वाळत नाही.) हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आधी तपासून घ्या : बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, दोन्ही वस्तू झिपच्या पिशवीत, दहा तास. ७५ दाखवायला हवं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचा ‘अचूक’ नग ६६ दाखवत होता. आता त्यावर मार्करने ‘+९’ लिहिलंय.

पेल्टिअर डीह्युमिडिफायरबद्दल (विजेने थंड होणाऱ्या चकतीवर हवेतलं बाष्प जमवणाऱ्या यंत्राबद्दल) विचारणा झाली होती. १२ व्होल्टला पाचेक अँपिअर, म्हणजे दिवसाला १२० अँपिअर-तास. मूरिंगवर (पाण्यात बांधून ठेवायच्या जागी) किनाऱ्यावरून वीज मिळत नसताना हा चैनीचा विषय. त्यापेक्षा १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा ०.२ अँपिअरवर रात्रभर चालतो. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या फक्त बंद लॉकरमध्ये. उघड्या केबिनमध्ये ठेवलेली डबी अरबी समुद्र वाळवायला बसलेली असते, आणि सांडली तर धातू खाते.

राहिली गादीखालची ओल. बर्थच्या प्लायला होल-सॉने २५ मिलिमीटरची भोकं पाडून कडांना इपॉक्सी लावायचं ठरलं होतं. ४० भोकं, ४० कडा. त्याऐवजी प्लायच काढून खाटेसारखी नायलॉनची नवार विणली तर? खालून पूर्ण हवा, पाणी धरत नाही, धुता येते. अडचण एकच : बर्थच्या कडेची लाकडी पट्टी हा ताण सोसेल का. निमुळत्या टोकाकडे चालेल, पण रुंद बाजूला मध्ये एक आडवी लागेल असं दिसतंय. दोन इंची नवारीचे ३० मीटर आणले आहेत. आधी एका बाजूचीच विणणार, दुसरीकडे प्लाय तसाच ठेवून, म्हणजे दोन्ही गाद्यांचं वजन रोज सकाळी काट्यावर ताडून पाहता येईल.