खांब नसलेल्या वाडीवर वीज आणताना

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात सासऱ्यांची थोडी जमीन आणि जुनं कौलारू घर आहे. तीन घरांची वाडी. विजेचे खांब खालच्या गावात संपतात. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, समोर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग, आणि त्याच खोऱ्यातल्या या वाडीवर रॉकेलचा दिवा, हे चित्र मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे आणि मला ते आजही खुपतं.

आम्ही दोघांनी कायमचं इथे राहायला यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी विजेचा विचार करावा लागला, कारण आईंना, म्हणजे सासूबाईंना, इन्सुलिन लागतं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर राहिलं तरी चालतं, पण न उघडलेला साठा २ ते ८ अंशांतच ठेवावा लागतो. पावसाळ्यात रस्ता खचला की दुकान गाठता येत नाही, म्हणून साठा घरात हवा. म्हणजे फ्रिज हवा, आणि तो जुलैतही चालायला हवा. पुढचे सगळे निर्णय या एका गरजेवरून झाले.

खांब आणण्याचा पर्याय आधी तपासला. अंतर एक किलोमीटरहून थोडं जास्त, पण मधला पट्टा वनजमिनीचा. एका घरासाठी तिथून लाइन ओढायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक वाट आहे. गावाच्या सोयींसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, आणि त्या सोयींच्या यादीत वीजवाहिन्याही आहेत. शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी यांच्या बरोबरीने वीज तिथे लिहिलेली आहे, हे वाडीवस्तीवरच्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. आम्ही तिन्ही घरांनी मिळून अर्ज दिला, ग्रामसभेत ठराव झाला. तो प्रस्ताव चालू आहे आणि त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही. पण त्याच्या भरवशावर इन्सुलिन ठेवता येत नव्हतं.

मग वही घेऊन बसलो. ९ वॅटचे सहा दिवे रोज पाच तास, म्हणजे पाव युनिटहून जरा जास्त. पंखे दोन, तेही बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, कारण साधा पंखा ७५ वॅट घेतो आणि हा ३० वॅटच्या आसपास. दहा तासांचं अर्ध्या युनिटहून थोडं अधिक. लहान फ्रिजला दिवसाला एक युनिट धरलं. फोन, लॅपटॉप आणि राउटर मिळून ०.४. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी रोज दहा मिनिटंच फिरतो, त्यामुळे त्याचा हिशेब नगण्य. लहान टीव्ही. बेरीज अडीच युनिट. इस्त्री आणि गीझर यादीतून काढून टाकले. पिण्याचं पाणी वरच्या झऱ्यातून उताराने येतं, त्यामुळे पंपाची गरज नव्हती. ही यादी झाल्याशिवाय कुणाही विक्रेत्याशी बोलू नये असं माझं ठाम मत आहे. यादी नसली की तो 'तीन किलोवॅट टाका' म्हणतो आणि आपण मान हलवतो.

जनरेटर लगेच बाजूला पडला. छोट्या डिझेल जनरेटरमधून एका लिटरला फार तर तीन युनिटं निघतात, म्हणजे नुसतं इंधनच युनिटमागे तीस रुपयांवर जातं, आणि ते डिझेल डोक्यावरून वर आणायचं. पवनचक्कीचा आग्रह धाकट्या दिरांचा होता. ते म्हणाले, ‘‘वहिनी, समोर एवढ्या फिरतायत, आपली एक का नको?’’ पण त्या फिरतात पठाराच्या माथ्यावर, उंच मनोऱ्यावर. आमचं घर डोंगराच्या पोटात, भोवती आंबा, फणस आणि हिरड्याची झाडं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातली शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. खाली पोहोचतो तो वारा झाडांत अडखळत, दिशा बदलत येतो. गोबरगॅसही पाहिला. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं आणि त्याचा खरा उपयोग चुलीसाठी आहे. दोन म्हशींच्या शेणातून वीज काढायला जाऊ नये.

राहिलं ऊन. आपल्याकडे १ किलोवॅटचं पॅनेल उघड्या हवेत दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं, त्यातून बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट वजा केली की तीन हाती येतात. डिसेंबरात आणि मेमध्ये १ किलोवॅटवर आमचं भागलं असतं. विक्रेतेही हाच सरासरीचा हिशेब मांडत होते. पण कोयना-नवजा भागात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. जुलैत ढग दरीत उतरतात आणि दिवसचे दिवस उठत नाहीत. अशा दिवशी तेच पॅनेल एक युनिट देईल, कधी तेवढंही नाही. सरासरीवर घर चालत नाही. ते सगळ्यात वाईट आठवड्यावर बेतावं लागतं. त्या हिशेबाने नुसत्या सौरवर राहायचं तर पॅनेल तिप्पट आणि तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी घ्यावी लागत होती. पॅनेल परवडतात, बॅटरीचा आकडा छाती दडपवतो. अनुदानाचाही आधार नव्हता. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे पैसे ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडलेल्या छतासाठी आहेत. जिथे ग्रिडच नाही तिथे ते लागू होत नाहीत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात, चांगली योजना आहे, पण ती पंपासाठी. घरात दिवा लावू पाहणाऱ्या वाडीला यातलं काहीच मिळत नाही. ज्यांच्याकडे खांब पोहोचला नाही त्यांना अनुदानात पहिला हक्क असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वाट सापडली ती कर्नाटकात. चिकमगळूरकडच्या एका ओळखीच्या कॉफीच्या मळ्यावर गेलो होतो. मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या घाटाच्या पट्ट्यात, कित्येक घरं पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यावर छोटं टर्बाइन चालवतात. शेडमध्ये ठेवलेलं, हाताने उचलता येईल एवढं यंत्र, त्याच्या चाकावर बारीक तोटीतून पाण्याची धार, आणि घरभर दिवे. बाहेर धो धो पाऊस. पश्चिम घाटाचा पाऊस तिथेही तोच आणि आमच्याकडेही तोच! ऊन ज्या महिन्यांत जातं नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या शेतातून ओढा दणाणत वाहतो, हे तिथे उभं असताना लख्ख दिसलं.

घरी येऊन मोजमाप सुरू केलं. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. ओढ्याचं पाणी पाइपाने एका बाजूला घेऊन २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहायचं. आमची पाच सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला ४ लिटर. तेही पूर्ण ओढा न अडवता. खालच्या शेतांचा पाट तसाच चालू राहिला पाहिजे हे आधीच ठरवलं होतं. उंची मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी वापरली, टप्प्याटप्प्याने खाली येत. १८ मीटर भरली. सेकंदाचे लिटर गुणिले मीटरमधली उंची गुणिले ९.८१ केलं की पाण्यातली शक्ती वॅटमध्ये मिळते. छोट्या यंत्रात त्यातली निम्म्याहून थोडी कमी हाती लागते. आमचे आले ३०० वॅटहून थोडे जास्त. आकडा छोटा वाटतो. पण पाणी रात्रीही वाहतं, त्यामुळे चोवीस तासांत सातहून जास्त युनिटं होतात. आम्हाला हवी होती अडीच.

पैसे खरे पाइपात घालावेत. आमची पाइपलाइन १२० मीटरची आहे. ६३ मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा काळा) पाइप घेतला असता तर आतल्या घर्षणातच सहाएक मीटरची उंची गेली असती, म्हणजे एक तृतीयांश वीज ओढ्याकाठीच संपली असती. ९० मिलिमीटरच्या पाइपात एकच मीटर जातो. जो पाइप घेतला तो दरवर्षी वीज देणार, म्हणून तिथे हात आखडता घेतला नाही. पाण्याच्या तोंडाशी छोटा हौद बांधला, त्यात गाळ खाली बसतो, आणि पुढे तिरपी जाळी. पावसाळ्यात त्या जाळीवरची पानं रोज सकाळी काढावी लागतात. हे काम कुणाला तरी करायला हवं, त्याला पर्याय नाही. आमच्याकडे ते मी करते.

टर्बाइनचं एक पथ्य आहे. पॅनेल नुसतं पडून राहिलं तरी बिघडत नाही, पण टर्बाइनवरचा भार अचानक निघाला तर ते सुसाट पळतं. म्हणून बॅटरी भरली की उरलेली वीज आपोआप पाण्याच्या टाकीतल्या हीटरकडे वळते. गीझर यादीतून काढला होता, आणि ऐन पावसात आईंना रोज आंघोळीला गरम पाणी मिळतं. ओली लाकडं फुंकत बसणं संपलं, याचा त्यांना दिव्यांपेक्षा जास्त आनंद झाला.

सौरचा भाग त्यामुळे आटोपशीर राहिला: ५४० वॅटची तीन पॅनेल, दक्षिणेकडे तोंड करून १८-२० अंशांचा कल, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी कंट्रोलर, आणि बॅटरीतून खांबावरच्या विजेसारखीच वीज देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २५.६ व्होल्ट २०० अँपिअर-तास, म्हणजे पाच युनिटं. लेड-ॲसिडची टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही. हिच्यातली ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात, त्यामुळे महाग दिसली तरी वापरातल्या युनिटच्या हिशेबाने ती पटली. सगळी व्यवस्था २४ व्होल्टवर ठेवली. १२ व्होल्टवर ६०० वॅटला ५० अँपिअर वाहतात, २४ व्होल्टवर २५, आणि त्याच तारेतली घट चौथ्या हिश्श्यावर येते.

खरी अडचण दाखवली ती वाडीतल्या तात्यांनी. पाइप टाकताना ते म्हणाले, ‘‘वहिनी, मिरगाचं पाणी जमीनच पिती. वढा धरतो ते आर्द्रा निघाल्यावर.’’ ७-८ जूनला मृग लागतो, २१-२२ ला आर्द्रा, ती संपते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे जूनचा उत्तरार्ध असा की ढग आलेले, ऊन गेलेलं, आणि ओढ्याला अजून पाणी नाही. आमच्या वर्षातला सगळ्यात कठीण काळ जुलै नसून हा आहे, आणि तो कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हता. पॅनेल १ किलोवॅटऐवजी दीडच्या वर नेली ती या पंधरवड्यासाठी. शिवाय त्या काळात पंखे लागत नाहीत, टीव्ही बंद ठेवतो, लॅपटॉप आकाश जरा उजळलं की चार्ज करतो. फ्रिज, दोन दिवे आणि फोन यांना दिवसाला दीड युनिटाच्या आत भागतं, आणि भरलेली बॅटरी जवळजवळ तीन दिवस ओढते. नोव्हेंबरात उलटा बदल होतो, ओढा आटत जातो पण तोवर ऊन भरपूर असतं, त्यामुळे तो जाणवतही नाही.

विजा हा आमच्याकडचा दुसरा धोका. मेमधल्या वळवात पठारावर विजा पडतात, आणि जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, जमीन कोरडी असते. खोल खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळाभर त्यात आठवड्याला बादलीभर पाणी, एवढं करावंच लागतं. पॅनेलकडून आणि टर्बाइनकडून येणाऱ्या दोन्ही तारांवर सर्ज संरक्षण, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारं उपकरण, बसवलं आहे.

आता पावसाळ्यात रोज चारेक युनिटं जास्तीची असतात आणि उरलेल्या दोन घरांत अजून दिवा नाही. तात्यांचं घर जवळ आहे, त्यांना इन्व्हर्टरवरून २३० व्होल्टची जमिनीतली केबल दिली तर घट नगण्य राहील. २४ व्होल्टवर तेवढ्या लांब नेणं शक्यच नव्हतं. त्यांचे चार दिवे आणि एक पंखा दिवसाला अर्ध्या युनिटात बसतात. जूनच्या त्या पंधरवड्यासाठी त्यांच्या कौलांवर आणखी एक पॅनेल लागेल. केबल आणून ठेवली आहे, चर खणायला दिवाळीनंतर सुरुवात करतो आहोत.