शिरोलीत उघडलेला ओला कंटेनर

ऑगस्टचा दुसरा आठवडा, कोल्हापुरात पावसाची झड लागलेली. न्हावा शेवाहून निघालेला 40 फुटी हायक्यूब (जास्त उंचीचा कंटेनर) सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या गोडाऊनला लागला. आत बांबूच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या, 1,150 डाग, म्हणजे खोकी, डागात 12 नग. माल एका मोठ्या साखळी दुकानाचा, दिवाळीसाठी मागवलेला. ऑर्डर मेच्या अखेरीस गेली होती. कारखान्याचा दीड महिना, बोटीचे तीन आठवडे, कस्टम आणि रस्ता मिळून आठवडा, असा हिशेब असतो. त्यात चार दिवस वाढले तरी दुकानातली मांडणी चुकते.

सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे बोट कंपनीने मालाची दिलेल्या पावतीशी, जुळला. सील तोडून दार उघडलं आणि कुबट वासाचा भपका आला. वरच्या थराची खोकी डागाळलेली, डाव्या भिंतीलगतची काही पार बसलेली. अशा वेळी आधी फोटो काढायचे, एकही डाग हलवायचा नाही, आणि विमा कंपनीकडे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, मागायचा. तेवढंच केलं. हमालांच्या मुकादमांनी एका खोक्यावर हात फिरवला, बोटं चोळून बघितली आणि म्हणाले, “साहेब, हे पाणी न्हवं. चिकट लागतंय.”

दुपारी सर्व्हेअर आले. त्यांनी त्या ओलीवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि तो लगेच दुधासारखा पांढरा झाला. म्हणजे क्लोराइड आहे, आणि क्लोराइड म्हटलं की पहिला संशय समुद्राच्या पाण्यावर. तसं असेल तर कंटेनरला भोक हवं. माल उतरवून दोघं आत उभे राहिले, बाहेरून दार लावून घेतलं. मिट्ट काळोख. सुईच्या टोकाएवढाही उजेड कुठून आला नाही. लाकडी तळही कोरडा.

मग भिंतीला टांगलेल्या ओल शोषणाऱ्या पिशव्यांकडे लक्ष गेलं. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि स्वतःच विरघळून खारं पाणी होतं. दहाही पिशव्या तट्ट फुगलेल्या, डावीकडच्या दोघींची शिवण उसवलेली. बसलेली खोकी बरोबर त्यांच्याच खाली होती. हे द्रावण वाळत नाही, म्हणून तो चिकटपणा. वरच्या थरातल्या डागांवर तोच थेंब टाकला तर काहीच पांढरं झालं नाही. ते छताला साचून ठिबकलेलं साधं दव होतं.

पण एवढी ओल आली कुठून? ओल मोजायच्या मीटरच्या सुया झाकणात टोचल्या, आकडा 19 ते 21 टक्के. बांबू 12 च्या आत हवा. नीट न सुकवलेली झाकणं भरली गेली, बोटीच्या डेकवर दिवसा कंटेनर तापला, बांबूतली ओल हवेत आली, रात्री पत्रा गार पडला की तीच छतावरून खाली. पिशव्यांना ती पेलली नाही.

कारण ठरणं पैशासाठी महत्त्वाचं. समुद्राचं पाणी शिरलं असतं तर दावा विम्यावर आणि बोट कंपनीवर. पॅकिंगच अपुरं असेल तर ते नुकसान मालाच्या सर्वसाधारण सागरी विम्यात बसत नाही. म्हणून नमुने लॅबला पाठवले. समुद्राच्या पाण्यात सोडियम जास्त असतं, इथे कॅल्शियमच भरपूर निघालं. तरी बोट कंपनीला लेखी नोटीस त्याच दिवशी दिली होती. वरून न दिसणाऱ्या नुकसानीला तीन दिवसांचीच मुदत असते, रिपोर्टची वाट पाहत बसलं तर ती निघून जाते. शेवटी भरपाई पुरवठादाराकडे मागितली.

मला खरी खंत तपासणीची वाटते. माल निघण्याआधी पुरवठादाराकडे 13,800 मधून नमुना तपासणीच्या नियमाप्रमाणे 315 नग तपासले होते: तडा, माप, रंग, झाकणाची पकड. यादीत ओल नव्हती, म्हणून कुणी मीटर लावला नाही. आमच्याकडेही नमुना काढून भागण्यासारखं नव्हतं. नमुन्याचं गणित दोष सगळीकडे विखुरलेला असतो असं धरून चालतं, इथे तो ठरावीक रांगांत होता. सगळे डाग फोडले. 214 डागांत बुरशी किंवा द्रावण निघालं. काच धुऊन वापरता आली, त्यांची झाकणं बाद केली. किंमत आणि आयातदाराच्या नावाचे स्टिकर जिथे पुसले होते, ते नग बाजूला ठेवले. ते वाचता आल्याशिवाय माल विकता येत नाही.

आता ऑर्डरीतच लिहून घेतो: भरण्याआधी दर पन्नासाव्या डागातल्या झाकणाचं मीटरवरचं रीडिंग, फोटोसह, 12 च्या आत, पिशव्या जेलच्या, ओल शोषून घट्ट होणाऱ्या, आणि भिंतीलगतच्या रांगांवर प्लास्टिकचं आच्छादन.